आक्काने बसवलेलं वाक्य

गाण्याने माणूस बरा होतो असं कुणी म्हटलं की आक्काचं नाक आपोआप मुरडायचं. "मग औषधांची दुकानं कशाला उघडलीत? तबलजी बसवा तिथे," असं ती म्हणायची. आणि आता खुद्द तिच्या भावालाच इस्पितळाने असली थेरं करायला बोलावलं होतं.

भाऊ कपडे शिवायचा. सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणायची, आक्काही तेच म्हणायची. झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. म्हणजे एक शब्द तेवढा उरला: कात्री. पाणी हवंय का? कात्री. पाठ दुखतेय का? कात्री. समोरच्याचं सगळं कळायचं, पण तोंडातून दुसरं काही निघायचं नाही, आणि मग स्वतःवरच संतापून तो उशी फेकायचा.

नेमका तेव्हाच भाच्याने दुकान विकायचा विषय काढला. भाचा म्हणजे मास्तरचा मुलगा, आक्काच्या मते शुद्ध बैल. मोबाईलची कव्हरं विकणारा कुणी दुकान घ्यायला तयार होता. "बाबांना आता मशीनवर बसणं जमायचं नाही, आत्या," भाचा म्हणाला. "पण त्यांनी स्वतःच्या तोंडाने नाही म्हटलं, तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

दुकान म्हणजे काय, ते त्या बैलाला काय डोंबल कळणार? वडील गेल्यावर भावाला शाळेतून उठवून तिनेच मशीनवर बसवलं होतं. स्वतः लग्नाच्या फंदात पडली नाही. आरशाखालच्या स्टुलावर बसून जन्मभर काज-बटणं केली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला फैलावर घेतलं. मापं मास्तर घ्यायचा, बोलायची ती. बाही आखूड झाली तर गिऱ्हाइकाचाच हात लांब आहे, हे ती त्याला पटवून द्यायची. दुकान गेलं तर दिवसभर बसायचं कुठे आणि ओरडायचं कुणावर? मास्तरच्या तोंडून 'नाही' निघायलाच हवं होतं. म्हणून ती नाक मुठीत धरून त्याला गाणंवालीकडे घेऊन गेली.

गाणंवाली हे आक्काने ठेवलेलं नाव. वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणारी ती इस्पितळातली मुलगी. खोलीत एक टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर जिभेचं भलंमोठं चित्र. ती मास्तरचा डावा हात धरून टेबलावर थापा द्यायची आणि एक वरचा, एक खालचा अशा दोनच सुरांत म्हणायची, "पा-णी ह-वं." बोलायचा रस्ता बंद झाला तरी गाण्याचा कधीकधी उघडा राहतो, तिथून शब्द बाहेर काढायचे, असं तिने समजावलं. आक्काने जांभई दिली. दारावरचा भंगारवाला याहून सुरात ओरडतो, हे तिने बाहेरच्या बाकावरच्या अनोळखी बाईलाही ऐकवलं.

पण मास्तर म्हणाला. घाम पुसत, अडखळत, थापेवर थाप देत म्हणाला, "पा-णी ह-वं." आक्काने घाईघाईने मान फिरवली. आपले डोळे भरलेत हे त्या पोरीला दिसायला नको होतं. घरी येताना मात्र, "पाणी मागायला शिकवणी लावावी लागते," असं म्हणून तिने जीव शांत केला.

मग तिने घरीच वर्ग काढला. मास्तरचा हात पकडून फळीवर आपटायचा आणि फाटक्या आवाजात सुरू: "दु-कान वि-का-यचं ना-ही." मास्तर 'दुकान'पर्यंत यायचा, हात सोडवून घ्यायचा आणि म्हणायचा, "कात्री." 'चहा' म्हणता यायला लागलं, 'दार लावा' यायला लागलं, हे एक वाक्य मात्र येईना. आक्का म्हणायची, दुखणंच तसं आहे.

गाणंवालीच्या कानावर हे गेलं. "त्यांना काय म्हणायचंय ते घ्या, मावशी," ती म्हणाली. "तुम्हाला काय ऐकायचंय ते नको." त्या दिवसापासून तिने आक्काला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं. दोन सुरांची मालकीण आणि मिजास केवढी, असं पुटपुटत आक्का बाकावर बसून राहायची.

रविवारी कव्हरवाला दुकान बघायला आला. भिंतींची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजत उभा राहिला. भाचा मशीनपाशी बसवलेल्या वडिलांपुढे उकिडवा बसला. "बाबा, तुम्ही सांगाल तसं." आक्का त्याच्या मागे उभी राहून ओठ हलवत होती, दु-कान, वि-का-यचं.

मास्तरने डावा हात मशीनवर ठेवला. तिच्याकडे बघितलं नाही. "वि-कून टा-क."

कव्हरवाल्याला हसू फुटलं. गाऊन सौदा करणारा म्हातारा त्याने कधी पाहिला नव्हता. "चुकला तो," आक्का म्हणाली. "वाक्य विसरला. मास्तर, नीट म्हण."

मास्तरने मान हलवली. पुन्हा थाप दिली, पुन्हा तेच म्हणाला, एकाही अक्षराला न अडखळता. बंद दारामागे हेच बसवून घेतलं होतं त्याने. मग थांबून, जड जिभेने, "न-को हो-तं म-ला. क-धीच."

आक्काच्या तोंडाचा पट्टा सुटला. "नको होतं? शाळेत राहून काय दिवे लावणार होतास? तुझ्यापायी मी इथे सुया टोचून घेतल्या, आणि नको होतं म्हणे. तेव्हा तर तोंड धड होतं ना तुझं? इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचंस."

मास्तरने तिचं संपू दिलं. ते त्याला सवयीचंच होतं. मग त्याने तोंड उघडलं, "कात्री" निघालं. पुन्हा "कात्री." रागाने त्याने मांडीवर मूठ आपटली, डोळे मिटले, आणि थाप देत देत एकेक शब्द वर काढला.

"तू... बो-लू... दि-लंस?"