निव्वळ उंची

वजनमापे खात्याच्या या निरीक्षकांना बाजारात 'मिलिमीटर' म्हणत. नवख्याला वाटे, नाव उंचीवरून पडले असावे. तसे नव्हते, ते सचोटीवरून पडले होते. कापडवाल्याची मीटरपट्टी एका मिलिमीटरने आखूड निघाली तरी ती जप्त करायची, आणि "साहेब, एवढ्याशाने काय होतं?" असे त्याने विचारले की "काहीच होत नसेल तर पट्टी पूर्ण ठेवायला काय होतं?" असे विचारून त्याचे तोंड बंद करायचे, ही त्यांची बावीस वर्षांची रीत. त्यातही खोक्यासकट माल तोलणाऱ्यांवर त्यांचा विशेष रोष होता. वेष्टन वेगळे आणि वस्तू वेगळी, एवढा साधा विवेक ज्याच्यापाशी नाही, त्याच्या हाती तराजू म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असे त्यांचे ठाम मत होते.

ही मते ज्या डोक्यात होती, ते डोके मात्र एकदा वेष्टनासकट मोजले गेले होते.

भरतीच्या वेळची गोष्ट. पद गणवेशाचे, उंची किमान एकशे बासष्ट सेंटिमीटर हवी. उमेदवाराची होती एकशे सत्तावन्न. उरलेले पाच सेंटिमीटर कुरळ्या केसांनी पुरवले. मोजणाऱ्या आरोग्यसेवकाला जेवायची घाई होती. त्याने उंची मोजायची लाकडी पट्टी केसांवर अलगद टेकवली, आकडा वाचला आणि "काठावर पास!" म्हणून पुढच्याला हाक मारली. पट्टी टाळूला लागलीच नाही, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होते. तो माणूस गप्प बसला, आणि त्या मौनाला सरकारी नोकरी लागली. पुढे दहा वर्षांत केस गेले. नोंद राहिली, कारण केस खाजगी होते, नोंद सरकारी.

इतकी वर्षे या नोंदीने कोणाचे काही बिघडवले नाही. निरीक्षक आपल्या बुटक्या स्कूटरवरून हिंडत आणि जगाची मापे काढत. मग खात्याने प्रगती केली. खराब रस्त्यांचा विचार करून निरीक्षकांना नव्या मोटारसायकली द्यायचे ठरले. खरेदी समितीतले तिघेही सहा फुटांच्या आसपासचे. त्यांनी गाडीवर आळीपाळीने बसून पाहिले, तिघांचेही पाय टेकले, आणि त्यावरून मनुष्यजातीचे पाय टेकतात असा निष्कर्ष निघाला. तरीही समिती दयाळू होती. एकशे साठ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या कर्मचाऱ्यांनी बुटक्या गाडीसाठी अर्ज करावा, असे परिपत्रकात तळटीप घालून सांगितले होते. निरीक्षकाने असा अर्ज करणे म्हणजे आपण निरीक्षक व्हायलाच पात्र नव्हतो, असे सही करून देणे.

गाडी घरी आली तेव्हा त्यांनी प्रथम पट्टी काढली. सीट जमिनीपासून त्र्याऐंशी सेंटिमीटर. स्वतःच्या पायाची आतली लांबी एकाहत्तर. बारा सेंटिमीटरची तूट. एखाद्या दुकानात एवढी तूट निघती, तर दुकानाला टाळे लागले असते.

"अहो, गादी कापून घ्या ना," पत्नी दारातून म्हणाली. "कोपऱ्यावरचा सीटवाला तासाभरात चार बोटं उतरवून देईल."

"सरकारी मालमत्ता आहे ती. आणि तो विचारेल, कोणासाठी?"

"विचारेल कशाला? तुम्ही समोर उभे असाल की!"

"तेच नकोय."

"मग ऑफिसात सरळ सांगा, पाय पुरत नाहीत. पाय न पुरणं हा काय गुन्हा आहे?"

"आज पुरत नाहीत, हा गुन्हा नाही. बावीस वर्षांपूर्वी पुरत होते, हा आहे."

आणि मग लग्नाला अठरा वर्षे झाल्यावर त्यांनी ती केसांची गोष्ट प्रथमच सांगितली. पत्नीने ती शांतपणे ऐकून घेतली. "म्हणजे त्या केसांना फसलेली मी एकटीच नाही म्हणायची," ती म्हणाली. "सरकारपण आहे."

नोकरी तर टिकवायची होती आणि मानही सांभाळायचा होता. तेव्हा निरीक्षकांनी एक पद्धत बसवली. जिथे पायरी असेल, तिथेच थांबायचे. पायरीच्या कडेला गाडी आणायची, डावा पाय रुबाबात पायरीवर ठेवायचा. पाहणाऱ्याला वाटावे, काय ऐट आहे! कुठे पायरी आहे, ती डाव्या हाताला येते की नाही, याची त्यांनी एक वहीच केली. डाव्या हाताला येत नसेल, तर अख्ख्या बाजाराला वळसा घालून ते उलट बाजूने येत. यात पेट्रोल जळे. पण अब्रू शाबूत राहे.

बाजार मात्र आंधळा नव्हता. साहेब पायरीशिवाय उतरत नाहीत, हे प्रथम बेकरीवाल्याच्या ध्यानात आले. त्याने दुसऱ्याच दिवशी दुकानापुढची पायरी फोडून काढली. शेजाऱ्याने कारण विचारले, तर म्हणाला, "म्हाताऱ्या माणसांना अडखळायला होतं हो." शेजाऱ्याला हे तत्काळ पटले, बाकीच्यांनाही पटत गेले. म्हाताऱ्यांविषयीचा कळवळा दोन महिन्यांत असा पसरला, की अख्ख्या रांगेत पाय टेकायला वीटभर जागा उरली नाही. निरीक्षकांची तपासणी आता धावती झाली. ते हळू वेगाने दुकानांवरून जात, करड्या नजरेने तराजूंकडे पाहत, आणि तराजूही त्यांच्याकडे निर्भयपणे पाहत. गाडी लांब लावून चालत यावे, तर तेवढ्यात खरी वजने काट्यावर चढलेली असत.

अखेर एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र कार्यालयात आले. बेकरीवाला बिस्किटे खोक्यासकट तोलतो, हे तिने घरच्या काट्यावर तीनदा मोजून, तारखांसह लिहिले होते.

"तुमच्या बाजारातून?" कार्यालयप्रमुखांनी चष्म्यावरून पाहिले. "खोक्याची तक्रार, आणि तीही तुमच्या बाजारातून?"

निरीक्षक थेट बेकरीवर गेले.

गाडी थांबली, डावा पाय जमीन शोधू लागला. जमीन होती, पण बारा सेंटिमीटर खाली. गाडी आधी विचार केल्यासारखी जरा थबकली आणि मग निरीक्षकांना सोबत घेऊन सावकाश आडवी झाली. दोन गिऱ्हाइकांनी धावत येऊन दोघांना उचलले, आधी गाडीला.

बेकरीवाला पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आला. "लागलं नाही ना, साहेब? इथे पायरी होती बघा आधी. उगाच काढली मी!" आतून कोणीतरी फिस्सकन हसले.

निरीक्षकांनी पाणी घेतले नाही. कोपर सोलवटलेले तसेच ठेवून ते गल्ल्यापाशी गेले आणि भरलेले एक खोके उचलले. ते आधी तसेच तोलले, मग रिकामे करून तोलले. पुठ्ठा ऐंशी ग्रॅमचा भरला.

"खोक्यासकट तोलता?"

"आता खोकं काय वेगळं काढायचं, साहेब? काट्यावर आकडा भरला की झालं. एवढी वर्षं झाली, कोणी काही बोललं नाही."

"कोणी बोललं नाही, म्हणून..." निरीक्षकांनी सुरुवात केली आणि ते थांबले. पुढचे वाक्य त्यांना तोंडपाठ होते. बावीस वर्षांत शेकडो वेळा म्हटलेले होते. आज ते वाक्य दुकानात उभ्या असलेल्या दोन माणसांना लागू पडत होते. त्यांनी मुकाट्याने नोटीस लिहिली, बेकरीवाल्याची सही घेतली, आणि परत येऊन कार्यालयात दुसरा कागद लिहायला घेतला. त्याच्या माथ्यावर विषय असा होता : 'अधोस्वाक्षरीकाराची उंची केसांसकट मोजली गेल्याबाबत.'

प्रमुखांनी तो दोनदा वाचला. "अहो, झोप झाली नाही का तुमची? नोकरी जाईल की तुमची!"

"जाईल. पण मोजा."

खात्याने मोजले. एकशे सत्तावन्न. तीन आठवडे तिघांची समिती बसली आणि निरीक्षकांनी घरात कपाटातले कागद लावून ठेवले. आपल्यानंतर पत्नीला काही शोधावे लागू नये, अशा बेताने ते लावत होते. जणू नोकरीबरोबर आपणही जाणार. चौथ्या आठवड्यात प्रमुखांनी बोलावून निर्णय वाचून दाखवला : मूळ नोंदीवर सक्षम अधिकाऱ्याची सही असल्याने ती चुकीची असू शकत नाही, सबब, कमी भरलेले पाच सेंटिमीटर ही सेवाकालीन झीज समजावी.

"झीज?" निरीक्षक ताडकन उभे राहिले, अर्थात त्याने फारसा फरक पडला नाही. "साहेब, झिजेलाही मर्यादा असते. एवढं झिजलेलं वजन आपण वितळवायला पाठवतो!"

"तुम्हाला वितळवायची सोय खात्यात नाही. नोकरी वाचली, आता गप्प बसा."

"मग निदान बुटकी गाडी?"

"ती एकशे साठच्या आतल्यांना. तुम्ही दप्तरात बासष्टच."

"आणि झीज?"

"झीज मान्य आहे. उंची तीच आहे."

यावर तर्कशास्त्राचा काहीच इलाज नव्हता. मात्र संध्याकाळपर्यंत ही बातमी शिपायापासून बाजारापर्यंत सगळ्यांना पोचली, आणि आता लपवायला काहीच उरले नाही, हे निरीक्षकांच्या ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खात्याच्या मेकॅनिककडे उघडपणे गेले. म्हणाले, "पाय पुरत नाहीत. काय करायचं?"

"दोन्ही टेकवायला ती काय खुर्ची आहे?" मेकॅनिकने हात पुसले. "एक पाय पुरे. थांबायच्या आधीच ठरवायचं, डावा. उजवा ब्रेकवर. कंबर अशी डावीकडे सरकवायची, अर्धं सीट सोडून द्यायचं. हँडल मात्र सरळ. वळवून ब्रेक मारलात की झोपलात."

"पण असं सरकलं की लोकांना दिसेल."

"काय?"

"पाय पुरत नाहीत ते."

"साहेब, ते आताही दिसतंय."

कार्यालयामागच्या मोकळ्या जागेत सराव सुरू झाला. खिडकीतून दोन कारकून कामे सोडून पाहत होते. पहिल्यांदा इंजिन बंद पडले. दुसऱ्यांदा साहेबच पडले. पाचव्या खेपेस मात्र कंबर वेळेवर सरकली, हँडल सरळ राहिले, आणि डावा तळवा टाचेसकट सपाट जमिनीवर आला. कुठे पायरी नव्हती, कट्टा नव्हता. निरीक्षक तसेच थोडा वेळ तिरके बसून राहिले.

"जमलं," मेकॅनिक म्हणाला. "आता उताराचं ऐका. रस्ता एका बाजूला उतरता असेल, तर चढाच्या बाजूचाच पाय टेकवायचा. उताराकडे जमीन आणखी खाली गेलेली असते."

"किती खाली?"

"असेल की बोट-दोन बोटं. कोण मोजतंय?"

निरीक्षकांनी गाडी स्टँडला लावली, खिशातून पट्टी काढली आणि ते गुडघ्यांवर बसले. मेकॅनिकने कपाळावर हात मारून घेतला, आणि मग तोही खाली बसून पट्टीचे दुसरे टोक धरू लागला.