तारामाशाचं पाणी

मागचा तारामासा माझ्या घाईने मेला. दोन्हीकडचं पाणी खारटच, मग फरक कसला, असं म्हणून मी त्याला पिशवीतून थेट टाकीत सोडलं होतं.

या वेळी दुकानदारकाकांनी दोन तारामासे पाण्यातच उलटे केले. एक तसाच पडून राहिला. दुसरा एकेक हात वळवत, धडपडत, शेवटी सुलटा झाला.

"हाच न्या," काका म्हणाले, "पण रुळायला वेळ द्या."

आता तो दुकानातल्या पाण्यासकट बादलीत आहे, आणि टाकीचं पाणी नळीतून त्यात थेंबथेंब मिसळतंय. बायको जेवायला तिसऱ्यांदा बोलवायला आली. या घरात रुळायला तिलाही वर्षं लागली. थोडं थांबावं, हे तेव्हा मला सुचलं नव्हतं.

"तू जेवून घे," मी म्हटलं. "आज मी उठणार नाही."