धाकटी ओढ्यात उतरली

माझी धाकटी जाऊ आणि मी मिळून कपडे दुरुस्तीचं दुकान चालवतो. चेन बदलणं, कंबर सैल करणं, पँटची लांबी कमी करणं, असली कामं. मशीन चालवायचं काम तिचं, तोंड चालवायचं माझं. गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं की ती मान खाली घालते आणि मी पुढे होते. अशी ही बाई या वयात कॉलेजात जाईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

झालं ते तिच्या लेकामुळे. तो बारावी पास झाला. कॉलेजात नव्या मुलांना सगळे विभाग दाखवायचा दिवस होता, म्हणून आईला सोबत घेऊन गेला. दाराशी मुलांच्या मनगटाला हिरवी फीत बांधत होते, पालकांच्या पांढरी. लेकसाहेब फोनवर बोलत मागे राहिले, ही पुढे झाली आणि घाईघाईत हिलाच हिरवी बांधली गेली. दुसरी कुणी असती तर चूक सांगून मोकळी झाली असती. हिला तेवढंही जमलं नाही. ही गुपचूप मुलांच्या घोळक्याबरोबर पर्यावरण विभागात गेली आणि लेक पांढरी फीत बांधून पालकांमध्ये बिस्किटं खात बसला.

विभागाच्या बाईंनी सगळ्यांना मागच्या ओढ्यावर नेलं. दगड उलटे करा, पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी घ्या आणि काय वळवळतंय ते बघा, म्हणाल्या. पोरं बूट सांभाळत काठावर उभी, आमची धाकटी गुडघाभर पाण्यात. तिला तीन शेपट्यांचा एक इवलासा किडा सापडला. असा किडा दिसला की पाणी चांगलं समजायचं, असं बाईंनी सांगितलं. चारचौघांत कधी तोंड न उघडणाऱ्या हिने लगेच विचारलं, मग आमच्या गल्लीमागच्या ओढ्यात तो का दिसत नाही?

"ते कळायलाच तीन वर्षं लागतात," बाई म्हणाल्या. "या की शिकायला."

त्यानंतर घरात दुसरा विषय नाही. जेवताना किडा, काजं करताना किडा. मी पार वैतागले. पण तिचा चेहरा इतका फुललेला मी ती या घरात आल्यापासून पाहिला नव्हता. बारावीनंतर लग्न झालं आणि तिचं शिक्षण तिथंच थांबलं होतं. आता प्रवेशाचं नाव काढलं की मात्र गप्प. शेवटी मी खोदून खोदून विचारलं.

"ताई, तो पण त्याच कॉलेजात जाणार," ती म्हणाली. "त्याला लाज वाटेल हो माझी."

मी लेकाला समोर बसवला आणि चांगलं फैलावर घेतलं. दुकान सकाळी मी एकटी रेटीन, तुझी काय अडचण आहे ते बोल, म्हटलं. बराच वेळ हो-ना करून तो तयार झाला, पण एका अटीवर. कॉलेजात आईने ओळख दाखवायची नाही. मला त्याचा कान पिळावासा वाटला. धाकटी मात्र आनंदाने कबूल म्हणाली, एवढं तिला जायचं होतं.

कॉलेज सुरू झालं. ती सकाळी वर्गात, दुपारी मशीनवर. सकाळी माझ्या हातून शिवण्यापेक्षा उसवणंच जास्त होतं, पण आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी न विचारता सांगते की आमची धाकटी पर्यावरणाची पदवी घेतेय. मला तिचा फार अभिमान वाटतो.

थोड्याच दिवसांत लेक तोंड फुगवून दुकानात आला. मधल्या सुट्टीत आई त्याच्या समोरून गेली म्हणे. रबरी बूट घातलेले, खांद्यावर जाळी, बरोबर चार मैत्रिणी आणि जोरजोरात हसणं. न राहवून त्याने सगळ्या मित्रांदेखत "आई" म्हणून हाक मारली. तिने वळूनही पाहिलं नाही.

"अट जरा जास्तच पाळलीस की," मी तिला म्हटलं.

धाकटीने मशीन थांबवलं आणि गोंधळून लेकाकडे पाहिलं.

"तू होतास तिथे?" ती म्हणाली. "मला दिसलाच नाहीस रे."