कारल्याचा रस आणि आठवीतली मुलगी

ठाकुर्लीजवळच्या एका शाळेत मी ग्रंथपाल होते तेव्हा आठवीला आठवड्यातून एक तास माझ्याकडे असायचा. नुसती पुस्तकं बदलून देण्यापेक्षा मी मुलांना घरच्या मोबाइलवर आलेले मेसेज उतरवून आणायला सांगायचे. हे कोणी लिहिलंय, त्याला कसं कळलं, आणखी कुठे सापडतं का, ते आम्ही मिळून शोधायचो. मुलांना चोर पकडल्याची मजा यायची.

एकदा तास संपल्यावर एक मुलगी रेंगाळली. एरवी वर्गात तोंड न उघडणारी. तिच्या बाबांना डायबेटीस होता. रोज कारल्याचा रस घेतला की गोळ्या लागत नाहीत, असा मेसेज त्यांना आलेला, आणि त्यांनी गोळ्या बंद केलेल्या. हे लिहिलंय कोणी, असं तिने विचारलं, तर ते चिडले. मोठ्यांना उलट विचारायला शाळेत पाठवतो का, म्हणाले.

"बाई, त्यांना पटेल असं पुस्तक द्या ना."

आईला आजच डॉक्टरांना फोन करायला सांग, असं मी तिला बजावलं. मग आम्ही कपाट धुंडाळलं. एका डॉक्टरांनी लिहिलेलं डायबेटीसवरचं पुस्तक मिळालं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या थांबवू नयेत, असं त्यात स्पष्ट होतं. त्या पानात खूण घालून ती घेऊन गेली.

त्याच आठवड्यात बाबा स्वतः आले. आता भांडण होणार, म्हणून मी सावरून बसले. ते मुलांच्या बुटक्या बाकावर टेकले, पुस्तक मांडीवर. सगळं वाचून आलेले.

"मॅडम, हे लिहिणारा खरंच डॉक्टर आहे?"

मी शेवटच्या पानावरची माहिती दाखवली. त्यांनी ती बोट ठेवून वाचली. "मेसेजला नाव नव्हतं," ते हळूच म्हणाले. "पोरीने सांगितलेलं. मीच ऐकलं नाही."

तिथून ते थेट डॉक्टरांकडे गेले. साखर बरीच वाढलेली निघाली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, कारलं भाजीपुरतं उरलं.

पुढे पालकसभेला ते भेटले, तेव्हा शेजारच्या पालकांना ऐटीत सांगत होते, की आमच्याकडे आता पोरीने पास केल्याशिवाय एकही मेसेज पुढे जात नाही. ती बाजूला उभी राहून, लाजून, त्यांच्या शर्टाची बाही ओढत होती.