नानांच्या ग्राफिक्स कार्डाचा निर्णय

"पट्टी मधीच वाकती," नाना म्हणाले. "रस्ता सरळ हाय, आन् मधली पांढरी पट्टी वळवळल्यागत दिसती. कार्ड बदलायचं का, ते सांग."

ते माझ्या काउंटरपुढे स्टुलावर बसले होते. शेजारच्या स्टुलावर त्यांचा कॉम्प्युटर. कोरेगावहून एसटीनं आणलेला, चादरीत गुंडाळून वर सुतळी बांधलेला. कंडक्टरनं त्याचं लगेजचं तिकीट फाडलं, म्हणून नानांनी त्याला खिडकीपाशी सीटवर बसवून आणला होता.

साताऱ्यात माझं कॉम्प्युटर असेंब्ली आणि रिपेअरिंगचं दुकान आहे. या धंद्यात मला अठरा वर्षं झाली. मी बाई आहे म्हणून सुरुवातीला गिऱ्हाइकं "मालक कुठायत?" असं विचारायची. नानांनी ते कधी विचारलं नाही. पहिल्याच दिवशी माझं नाव विचारलं आणि तेव्हापासून "नसीमा पोरी" म्हणायला लागले.

नाना म्हणजे निवृत्त सुभेदार दिनकर माने. फौजेतली सगळी नोकरी त्यांनी गाड्या चालवण्यात काढली, तीही बहुतेक डोंगरातल्या रस्त्यांवर. घरी आल्यावर गोठ्यात बैलाचं शिंग लागलं आणि डावा डोळा अधू झाला. गाडी चालवणं बंद झालं. मग पुण्यातल्या मुलानं त्यांना ट्रकचा सिम्युलेटर आणून दिला. सिम्युलेटर म्हणजे नावाला गेम, खरं तर नक्कल. टेबलाला स्टिअरिंग लावायचं, पायाखाली पेडल. इंडिकेटर न देता वळलात तर गेममध्येही दंड होतो. नाना रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दोन तास ट्रक चालवायचे. त्याला ते ड्यूटी म्हणायचे. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, मध्येच चहा आणला तर गाडी बाजूला घेऊन हँडब्रेक लावायचे.

तर, पट्टी.

मी मशीन उघडलं, धूळ काढली, माझ्या मॉनिटरला जोडून गेम चालू केला. ग्राफिक्स कार्ड म्हणजे स्क्रीनवरचं चित्र काढणारा भाग. गेममध्ये त्याला दर सेकंदाला पन्नास-साठ चित्रं काढावी लागतात. कार्ड जुनं असलं की त्याला ते झेपत नाही. चित्र अडखळतं, लांबचं धूसर होतं, आणि तिरक्या रेषा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या तुटक दिसतात. नानांचं कार्ड जुनं होतंच. सगळ्या सेटिंग कमीत कमी ठेवून कसंबसं चालत होतं.

नानांनी हायवेवर ट्रक घेतला. "आता बघ. हितं. वाकली."

मी वाकून पाहिलं. "मला सरळ दिसतेय, नाना."

"नीट बघ गं. मधोमध."

"सरळच आहे. पण कडा तुटतायत. ह्या बघा पायऱ्या."

नानांनी मान तिरकी करून पाहिलं. "हां. त्येच आसंल."

"तेच. कार्डाला झेपत नाहीये."

इतकं सोपं झालं ते. त्यांनी एक तक्रार सांगितली. मला मशीनमध्ये दुसराच दोष सापडला. तो खराच होता. मी त्याला त्यांच्या तक्रारीचं नाव दिलं आणि दोघांचंही समाधान झालं.

"मग बसव आजच," नाना म्हणाले.

आता इथं दुकानदारानं खूश व्हायला हवं. पण मी या बाबतीत सरळ आहे, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. कार्डांची पुढची पिढी येणार अशी बातमी होती. नवीन कार्ड आलं की त्याच किमतीत दुप्पट काम मिळतं, नाहीतर जुन्याचा भाव पडतो. गिऱ्हाइकाला आज जुना माल गळ्यात मारणं सोपं असतं. मी ते करत नाही.

"दोन महिने थांबा," मी म्हणाले. "चांगलं कार्ड येतंय. आता घेतलंत तर हळहळाल."

"आन् पट्टी?"

"तोवर थोडी वाकडी दिसेल. तेवढं चालवून घ्या. नवीन कार्ड बसलं की सरळ होईल."

हे वाक्य मी शब्दशः लिहिलंय, कारण ते मला शब्दशः आठवतं.

नाना खूश होऊन गेले. जाताना शेजारच्या दुकानदाराला म्हणाले, "ही पोरगी लय इमानदार हाय. गिऱ्हाईक पैशे घिऊन उभं, आन् ही म्हनती थांबा."

तीनेक आठवड्यांनी त्यांचा फोन आला. तेव्हा दुकानात गर्दी होती. परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस, आणि दोन शाळांचे प्रिंटर एकाच वेळी बंद पडलेले.

"पोरी, आता मधी डाग बी दिसाय लागलाय. पुसटसा. रस्ता मधनं पुसल्यागत."

"स्क्रीनवर डाग?"

"व्हय. म्हंजे, तितंच असणार की."

मी त्यांना स्क्रीनशॉट काढायला सांगितला. स्क्रीनशॉट म्हणजे कार्डानं काढलेलं चित्र कॉम्प्युटर स्वतःच जसंच्या तसं जपून ठेवतो. कार्ड चुकत असेल तर ती चूक त्यात दिसते. शिवाय काकूंना मोबाइलवर स्क्रीनचा बाहेरून फोटो काढायला सांगितला. मॉनिटर खराब असेल तर तो डाग फोटोत येतो. दोन्ही मला पाठवा म्हणाले.

दोन्ही आले. एका हातात प्रिंटरचा रोलर धरून मी ते पाहिले. दोन्ही स्वच्छ होते. कुठेही डाग नव्हता. पट्टी सरळ.

कार्डाच्या चित्रात दोष नाही, मॉनिटरच्या फोटोत दोष नाही. म्हणजे यंत्रात दोष नाही. हे शोधायला इंजिनिअर लागत नाही. माझ्या धंद्यातला हा पहिल्या वर्षाचा धडा. मग दोष राहतो कुठं? पाहणाऱ्यात. मी एवढं एक पाऊल पुढे टाकलं नाही. "फोटोत नीट आलेलं नाहीये," असं स्वतःशी ठरवलं आणि नानांना फोन केला.

"कार्ड आलं की एकदमच बघू, नाना. आता थोडेच दिवस."

"बरं बरं. तू म्हनशील तसं."

कार्ड दोन महिन्यांत आलं नाही. तिसरा महिना संपत आला तेव्हा मिळालं. मी म्हटलं, या वेळी नानांना एसटीचा त्रास नको, मीच जाते. नव्या कार्डाला वीज जास्त लागते, म्हणून पॉवर सप्लायही नवा घेतला आणि सकाळीच कोरेगावला पोचले.

काकूंनी कांदेपोहे केले होते. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बसवायला तासभर लागला. सगळ्या सेटिंग वरपर्यंत नेल्या आणि गेम चालू केला. खरं सांगते, चित्र इतकं सुंदर आलं की मीच पाहत राहिले. लांबच्या डोंगरावरची झाडं वेगवेगळी दिसत होती. ओल्या डांबरावर दिव्यांचा उजेड पडला होता.

"बसा, नाना."

ते बसले. गिअर टाकला. ट्रक निघाला आणि पहिल्याच सरळ रस्त्यावर हळूहळू उजवीकडे सरकत कठड्याला जाऊन घासला. नानांनी ब्रेक मारला. मागं घेतला. पुन्हा निघाले. पुन्हा तेच. मग लक्षात आलं, की ते समोर बघतच नव्हते. मान डावीकडे वळवून डोळ्याच्या कडेनं बघत होते.

"कार्ड बसवलंस न्हवं नक्की?"

"बसवलंय, नाना."

"न्हाई, पट्टी वाकडी न्हाई आता."

मला क्षणभर बरं वाटलं.

"आता ती दिसतच न्हाई. मधलं समदं ग्येलंय."

खोलीत पंखा चालू होता, गेममध्ये इंजिनाची घरघर. मी पुढे होऊन आवाज बंद केला.

"नाना, माझ्याकडे बघा. माझा चेहरा दिसतो?"

"कान दिसत्यात. पदर दिसतोय."

"खिडकीचे गज?"

"ते तर लय दिस वाकडेच दिसत्यात."

"मग बोलला का नाहीत?"

नाना माझ्या बाजूला, पण माझ्याकडे नाही, असं बघत म्हणाले, "तू म्हनलीस कार्डाचं हाय. मला वाटलं, सारखं त्ये बघून बघून डोळ्यात तसंच बसलंय. कार्ड आलं की समदंच सरळ हुईल."

काकू दारात उभ्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी म्हनत हुते डोळ्याच्या डॉक्टराकडं चला म्हून. तर म्हनायचे, नसीमाला कळतंय त्यातलं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं सांगलीला गेलो. तिथं डोळ्याच्या पडद्याचे एक डॉक्टर होते. त्यांनी नानांपुढे चौकटी छापलेला एक साधा कागद धरला. मधोमध एक ठिपका.

"ठिपक्याकडे बघा. रेषा कशा दिसतात?"

"ठिपका कुठला?" नाना म्हणाले.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्याचा मधला भाग बारीक आणि सरळ समोरचं बघायच्या कामी येतो. वयामुळे तिथं नको त्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्या पाझरतात, पडदा फुगतो. फुगलेल्या पडद्यावर सरळ रेषा वाकडी दिसते. हेच पहिलं लक्षण. त्या वेळी डोळ्यात इंजेक्शनं सुरू केली तर बहुतेकांची नजर टिकते. उशीर झाला तर तिथं व्रण धरतो आणि मग गेलेलं परत येत नाही. डॉक्टरांनी हे मला अगदी सोपं करून सांगितलं. मी गिऱ्हाइकांना सांगते तसंच.

"रेषा वाकड्या कधीपासून दिसतायत?" त्यांनी विचारलं.

"झालं की पंधरा-वीस दिस," नाना पटकन म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी मी त्यांना दिसले नसते. फौजी माणूस. डॉक्टरसमोर खोटं बोलत होता, माझ्यासाठी.

"तीन महिने," मी म्हणाले. "जास्तच. मला त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही मुलगी?"

"नाही. मी त्यांचा कॉम्प्युटर बघते."

चष्मा परत लावून ते कागदावर लिहीत राहिले.

इंजेक्शनं सुरू झाली. दर महिन्याला सांगली. पहिल्या तीन खेपांना मी दुकान बंद ठेवून बरोबर गेले. पाझरणं थांबलं, व्रण राहिला. डावा डोळा आधीच अधू होता, म्हणून हा एकच कामाचा होता. कडेचं दिसतं. त्यामुळे नाना घरात वावरतात, अंगणात जातात, ताटातली भाकरी त्यांना सापडते. पेपर वाचता येत नाही. समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही. ट्रक चालवणं संपलं.

तिसऱ्या खेपेला परत येताना गाडीत काकूंना डुलकी लागली होती. मी नानांना म्हणाले, "माझं चुकलं."

"तू काय डॉक्टर हायस व्हय?"

"डॉक्टर नाही. पण तुमच्या मशीनमध्ये दोष नाही हे मला फोटोत दिसलं होतं. मी बघितलं होतं, नाना."

मला वाटत होतं ते म्हणतील, जाऊ दे पोरी. खोटं कशाला बोलू, मी त्याचीच वाट बघत होते.  किर्लोस्करवाडी स्टेशन गेलं, ताकारी गेलं.

"व्हय," शेवटी म्हणाले. "बघितलं हुतंस."

एवढंच. त्यात राग नव्हता. माफीही नव्हती. जे होतं ते होतं.

नंतर त्यांनी मुलाला सांगून तो कॉम्प्युटर पुण्याला पाठवून दिला. तो सोडवून बांधून द्यायला मी गेले तेव्हा काकू घरात असूनही बाहेर आल्या नाहीत. नानांनीच ओट्यावर बसवून पाणी दिलं. तांब्या टेकवायला त्यांना जागा चाचपावी लागली. मी हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे. जमतंय."

आता दुकानात मी काय बदललं ते सांगते. कुणीही चित्राची तक्रार घेऊन आलं की आधी ते दुसऱ्या मशीनवर दाखवते. तिथंही तसंच दिसतं म्हणाले, तर भिंतीवरच्या फरश्यांच्या रेषा बघायला लावते, एकेक डोळा झाकून. लोक हसतात. दोघांना मी दुकानातूनच डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवलं. एकाचा चष्मा फक्त मळलेला निघाला आणि त्यानं मला सुनावलं. दुसरे गृहस्थ औंधचे होते. त्यांना तेच निघालं, आणि वेळेत निघालं. ते पेढे घेऊन आले होते. मी घेतले, पण मला ते खाता आले नाहीत.

कार्ड आता घ्यावं की पुढच्या पिढीसाठी थांबावं, हे लोक अजूनही विचारतात, आणि मी अजूनही बरोबर सांगते. नानांनाही बरोबरच सांगितलं होतं. ते कार्ड खरंच चांगलं निघालं, आणि थांबल्यामुळे स्वस्तही पडलं. फक्त तो प्रश्न कार्डाचा नव्हता, आणि हे तपासायचं काम माझं होतं.