सरळ उभ्या राहा
काल एक्स-रेची गार पाटी पाठीला लागली आणि आई आठवली. भाताची आवणी अर्धी टाकून तिला शिनोलीहून घोडेगावच्या दवाखान्यात नेलं होतं. पायांना चिखलाचा वास तसाच होता. एक्स-रेवाला म्हणाला, "आजी, सरळ उभ्या राहा." ती म्हणाली, "उभीच हाय की." त्याने पुन्हा सांगितलं, तिनेही पुन्हा तेच सांगितलं. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. "मणक्यांवर हाड वाढलंय. या वयात बहुतेकांचं वाढतं." आईने पदर सावरला. "समद्यांचंच वाढतं व्हय? मंग चला, उपटल्याली रोपं सुकत्याल." संध्याकाळी ती पुन्हा खाचरात वाकली. मी बांधावरून रोपांच्या जुड्या फेकत राहिलो. काल काचेपलीकडून आवाज आला, "काका, सरळ उभे राहा." मी उभाच होतो.