वणव्याचं मचाण

माझ्या लग्नाला वर्ष झालं त्या चैत्रात सासूबाई कारंज्याहून मेडशीला आल्या. पाहुण्यांना दाखवण्यासारखं आमच्याकडे एकच होतं: जंगल खात्यानं टेकडीवर नवं उभारलेलं उंच लाकडी मचाण. पहारेकऱ्यानं त्यावर बसून दिवसभर वणवा हुडकायचा.

"देवळं लय पाह्यली, जवाईबापू," सासूबाई म्हणाल्या, "आता हे आगीचं देऊळ दाखवा."

आम्ही पोचलो तर पहारेकरी झाडू घेऊन घामाघूम. बिचारा हंगामी माणूस. तीन उन्हाळे काढले, तरी कायम होईना. आज मोठे साहेब तपासणीला येणार होते आणि त्यांची सही झाली की नोकरी पक्की. म्हणून त्यानं सबंध टेकडीवरचा सागाचा वाळका पाला झाडून शिडीला लागूनच ढीग घातला होता. आगीसाठीच्या लाल बादल्यांना ताजा रंग देऊन त्या उन्हात पालथ्या घातल्या होत्या.

"हा ढीग अथी काहून?" सासूबाईंनी विचारलं.

"साहेबाच्या वाटंत पाला नको, बाई."

साहेब आले. डोक्यावर सोला हॅट, तोंडात सिगारेट. चढले. मागोमाग पहारेकरी. खाली आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"किती लांबचं दिसतं रे?"

"पार धनजपर्यंत, साहेब!"

"अगं माय!" सासूबाई म्हणाल्या. "धनज तं आमच्या कारंज्याच्या पल्याड. याले माह्या चुलीवरची भाकर बी दिसत असन."

"जंगलात निष्काळजीपणाला क्षमा नाही," साहेबांनी दुर्बिणीतून क्षितिजाला बजावलं आणि हातातलं थोटूक सहज खाली सोडलं.

पाल्यानं भप्पकन पेट घेतला.

"धूर!" वरून साहेब ओरडले. "कुठल्या दिशेला?" म्हणत पहारेकरी चारी दिशा धुंडाळू लागला.

"अरे, बुडाखाली पाहा, बुडाखाली! शिडी जयून राह्यली!" सासूबाई खालून ओरडल्या.

बादल्या रिकाम्या. मग मी आणि सासूबाईंनी हिरव्या फांद्या मोडून आग झोडपली. सासूबाई आगीला शिव्या देत होत्या, हात जरा मंदावला की मलाही. आग विझली. साहेब उतरले; खालच्या दोन पायऱ्या कोळसा झाल्यामुळे शेवटी त्यांना उडी मारावी लागली.

पहारेकरी वही घेऊन आला. "साहेब, आग लागली का कारण लिहा लागते. काय लिहू?"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, राखेकडे पाहिलं.

"आधी तुझा नोकरीचा कागद आण."

सही झाली. मग साहेबांनी घसा साफ केला. "लिही. वीज पडली."

आभाळात औषधालाही ढग नव्हता.

"खरंच पडली, जवाईबापू," सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या. "मीनं डोयानं पाह्यली. टोपी घालून होती."

हसू दाबताना पहारेकऱ्याचे गाल फुगले होते. पण सहीची शाई वाळेपर्यंत त्यानं दम धरला.